आवाज होते, पहाटे ३:१० पर्यंत

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, पहाटे तीन वाजून दहा मिनिटं. ही वेळ मला पाठ झाली आहे, कारण तेव्हा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तीच दिसत होती आणि माझं बोट माउसवर होतं. त्याच्या आधीचे सतरा तास मी पुन्हा पुन्हा जुळवून पाहिले आहेत. भाच्याच्या मोबाइलमधले फोटो, कालनिर्णयच्या पानामागचं टिपण, यूपीएसचा आवाज कधी थांबला याची आठवण, हे सगळं समोर घेऊन बसले तेव्हा घटनाक्रम नीट लागला. तो लिहून ठेवते आहे. जव्हार-मोखाड्यात, आणि कुठेही, आयुष्यभराचं काम एका हार्ड डिस्कवर ठेवून बसलेली माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी.

आधी त्या डिस्कवर काय होतं ते सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, अगोदर मोखाडा तालुक्यात आणि नंतर जव्हारला. २००५ पासून सुट्टीच्या दिवशी पाड्यांवर जायचं आणि म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, गाणं रेकॉर्ड करायचं, असा नेम होता. घांगळीवर कणसरी या धान्यदेवीची कथा लावणारे भगत, लग्नात गाणाऱ्या धवलेऱ्या, तारपा, मोखाड्याच्या बोहाड्यात रात्रभर वाजणारा संबळ, जात्यावर बसलेल्या बायका. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, सगळ्यांचे आवाज. वीस वर्षांत २,६४० ध्वनिफिती झाल्या, शिवाय फोटो आणि थोडे व्हिडिओ. एकूण ३८० जीबी. जुन्या फोल्डरवर जिल्ह्याचं नाव ठाणे आहे, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला.

माणसाचं नाव, पाडा, तारीख, गाण्याचा प्रकार हे सगळं मी फाइलच्या नावातच लिहायचे. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला नाव विचारलं की म्हातारी माणसं अवघडतात, जबानी द्यायला बसल्यासारखी बोलतात. म्हणून विचारायचं नाही, घरी येऊन फाइलला नाव द्यायचं. पहिली काही वर्षं वहीही ठेवली होती. पुढे एक्सेलची शीट केली आणि वही सुटली. शीटसुद्धा त्याच डिस्कवर होती.

१७ तास आधी. शनिवार, सकाळी १०:१०

धाकट्या बहिणीचा मुलगा नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा करत एसटीने आला. तो कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. मीच बोलावलं होतं. मंगळवारी, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० ची मुदत संपत होती आणि तशी सूचना पूर्ण पडदाभर येत होती. मुदत संपली म्हणून कॉम्प्युटर बंद पडणार नव्हता, नुसते सुरक्षेचे अपडेट थांबणार होते. त्यातही नावनोंदणी केली की घरगुती वापराच्या मशिनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणखी एक वर्ष अपडेट मिळणार होते. म्हणजे घाई नव्हतीच. पण मला मंगळवार दिसत होता.

दुसरं कारण डी ड्राइव्हचं. त्या डिस्कमधून टक टक असा आवाज यायचा, फोल्डर उघडायला मिनिट मिनिट लागायचं. वीस वर्षांत कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागले, त्यातून शॉर्टकटचा व्हायरस शिरला होता. खरा फोल्डर लपलेला आणि त्याच्या नावाचा खोटा शॉर्टकट वर, असं जागोजागी.

“मावशी, नुसतं अपग्रेड केलं तर हा कचरा तसाच पुढे येईल,” तो म्हणाला. “क्लीन इन्स्टॉल करू. सगळं पुसून नवीन विंडोज टाकू.”

लक्ष्मीपूजन दहा दिवसांवर होतं आणि घर आवरणं चालूच होतं. त्या भरात मला हे पटलं. सी पण पूस आणि डी पण पूस, असं मीच म्हणाले. तो सी बद्दलच बोलत होता. डीचा शब्द माझा होता.

१५ तास ४० मिनिटं आधी. सकाळी ११:३०

नवीन विकत आणलेली एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क लावली आणि कॉपी सुरू केली. वायर पुढच्या जुन्या पोर्टला लागली होती, म्हणून साडेतीन तास दाखवत होतं. तेवढ्यात त्याने जपायच्या गोष्टींची यादी केली, आणि ती यादी उत्तम होती. प्रिंटरचा ड्रायव्हर. नेटवर्कचा ड्रायव्हर, कारण नवीन विंडोज टाकल्यावर नेट चालेलच असं नाही. आणि फॉन्ट. माझे जुने शब्दसंग्रह श्रीलिपीतले, युनिकोडच्या आधीचे. तो फॉन्ट गेला तर मजकूर जागेवर असतो, पण पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. मराठीत वीस-पंचवीस वर्षं टायपिंग केलेल्या कुणालाही ही भीती माहीत आहे. दोन्ही ड्रायव्हर त्याने एक्स्टर्नलवर एका फोल्डरमध्ये ठेवले. पुढे त्या एका फोल्डरपायी काय झालं ते येईलच.

मी विचारलं, “एक प्रत इंटरनेटवर चढवायची का?” त्याने मोबाइलवर हिशेब करून दाखवला. आमच्याकडे वर चढवण्याचा वेग दोन एमबीपीएस धरला तर ३८० जीबीला साडेसतरा दिवस लागतात, तेही एक मिनिट खंड न पडता. आम्ही हसलो आणि विषय सोडला. निदान नावांची शीट चढवता आली असती. ती एक एमबीचीही नव्हती.

१२ तास आधी. दुपारी ३:१०

कॉपी पूर्ण झाली. त्याने दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि साइज ताडून पाहिली, दोन्ही जुळल्या. मग मला म्हणाला, “कोणतीही तीन लाव.” मी खोडाळ्याकडच्या एका आजीची लावली. चौथ्या मिनिटाला मागे कोंबडा आरवतो, आजी गाणं थांबवून त्याला खडसावते आणि पुन्हा त्याच सुरात गाणं उचलते. ते ऐकून भाचाही हसला.

त्या घडीला सगळं दोन ठिकाणी होतं, आणि दोन्ही प्रती धड होत्या.

७ तास ३० मिनिटं आधी. संध्याकाळी ७:४०

मधला वेळ बायोसमध्ये गेला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि यूईएफआय पद्धतीनं सुरू होणारं मशीन लागतं. माझा कॉम्प्युटर २०१९ सालचा, आठव्या पिढीचा प्रोसेसर, म्हणजे जेमतेम पात्र. टीपीएम आतच होतं, बंद होतं, ते चालू केलं. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल सुरू झालं, डिस्क निवडायचा पडदा आला आणि तिथे अडलं. निवडलेल्या डिस्कवर एमबीआर पद्धतीची विभागणी आहे, यूईएफआय मशिनवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर बसतं, असा निरोप आला.

भाच्याने शिफ्ट आणि एफ-टेन दाबलं. काळी खिडकी उघडली. डिस्कपार्ट. लिस्ट डिस्क. चार ओळी आल्या आणि त्याने त्या कालनिर्णयच्या फाडलेल्या सप्टेंबरच्या पानामागे निळ्या बॉलपेनने उतरवल्या.

डिस्क ० – ९३१ – जुनी डी
डिस्क १ – २२३ – सी
डिस्क २ – ९३१ – बाहेरची
डिस्क ३ – १४ – पेनड्राइव्ह

एक टीबी लिहिलेली डिस्क ९३१ दाखवते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. म्हणून जुनी डी आणि बाहेरची प्रत, दोन्ही ९३१. पान अजून माझ्याकडे आहे. ‘बाहेरची’ या शब्दाखाली त्याने दोनदा रेघ मारली आहे. पोरगा निष्काळजी नव्हता.

७ तास १५ मिनिटं आधी. संध्याकाळी ७:५५

सिलेक्ट डिस्क ०. क्लीन.

डिस्कपार्टची क्लीन ही आज्ञा ‘नक्की का’ असं विचारत नाही. एन्टर दाबलं की क्षणभरात काम झाल्याची ओळ येते. मग त्याने जीपीटी केलं, पार्टिशन केलं आणि फॉरमॅट लावला. डिस्कमध्ये खराब सेक्टर होते, ते कळावेत म्हणून झटपट फॉरमॅट न करता पूर्ण फॉरमॅट. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट म्हणजे डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्य लिहीत जाणं. त्यानंतर तिथून काही परत येत नाही, कुणाच्याही हाताने.

माझ्या मते घटनाक्रम इथे सुरू होतो. इथून पुढे प्रत एकच उरली. आणि हे करायची गरज नव्हती. जीपीटीची अट ज्या डिस्कवर विंडोज बसतं तिच्यापुरती आहे, नुसता डेटा ठेवायची डिस्क एमबीआर राहिली तरी चालते. विंडोज असलेली डिस्कही काही न पुसता एमबीआरची जीपीटी करता येते, त्याचं साधन विंडोज १० मध्येच आहे. हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मला पडद्यावर आकडा चढताना दिसत होता, तीन टक्के, चार टक्के, आणि घर स्वच्छ होतंय असं वाटत होतं.

आम्ही जेवलो. नागलीची भाकरी, उडदाची आमटी.

४ तास ४० मिनिटं आधी. रात्री १०:३०

फॉरमॅट शंभर टक्के झाला आणि पाच-सात मिनिटांनी लाइट गेली. यूपीएस ओरडायला लागला, चार मिनिटांनी तोही थांबला. अंधारात भाच्याने सगळ्यात आधी एक्स्टर्नलची वायर काढली आणि डिस्क माझ्या हातात दिली. “लाइट येताना झटका बसायला नको.” मी ती पदरात धरून ओटीवर बसले.

त्या क्षणी सगळी वीस वर्षं माझ्या हातात होती आणि कशालाही जोडलेली नव्हती. ती तशीच कपाटात ठेवून झोपायला हवं होतं.

३ तास १८ मिनिटं आधी. रात्री ११:५२

लाइट आली. मशीन सुरू केलं. एक्स्टर्नल परत लावली, कारण नेटवर्कचा ड्रायव्हर तिच्यावर होता. या वेळी ती मागच्या पोर्टला लागली. पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा काळी खिडकी. डीचं झालं होतं, सीचं राहिलं होतं. त्याने पान उजेडात धरलं, वाचलं, टाइप केलं. सिलेक्ट डिस्क १. पडद्यावर ओळ आली की आता डिस्क १ निवडली आहे. त्या ओळीत साइज नसते, नाव नसतं.

क्लीन.

डिस्कचे हे क्रमांक कायमचे नसतात. मशीन सुरू होताना ज्या क्रमाने डिस्क सापडतात त्या क्रमाने ते पडतात, पोर्ट बदलला की बदलू शकतात. लाइट जायच्या आधी १ म्हणजे सी होती. लाइट आल्यावर १ म्हणजे बाहेरची झाली होती. कागद पावणेआठचा होता आणि आम्ही बारा वाजता त्याच्यावर विश्वास ठेवला. लिस्ट डिस्क पुन्हा एकदा टाइप करायला पाच सेकंद लागले असते.

हे शिकलेल्या, नावाजलेल्या माणसांच्या हातूनही होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा दमलेल्या अवस्थेत एका सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. दोन सर्व्हर, जवळजवळ सारखी नावं. पुसला गेला चालू असलेला. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी गेले होते, आणि बॅकअपच्या वेगवेगळ्या व्यवस्था असून ऐन वेळी त्यातली एकही नीट चालली नाही. कुणीतरी सहा तास आधी सहज काढून ठेवलेली प्रत मिळाली म्हणून ते सावरले. कंपनीने त्या माणसाला दोष दिला नाही, सगळं जगासमोर जसंच्या तसं लिहून काढलं. मी भाच्याला हे वाचून दाखवलं, पण तोवर पुष्कळ दिवस गेले होते. त्या मुलाने त्या काळात आमच्याकडे फोन करणंही सोडलं होतं.

३ तास ५ मिनिटं आधी. रात्री १२:०५

इन्स्टॉलचा पडदा परत आला. यादीत २२३ जीबीची सी आपल्या तिन्ही भागांसकट जशीच्या तशी उभी होती. तिच्या जवळ एक ९३१ ची डिस्क, पूर्ण मोकळी. भाच्याने तिच्यावर क्लिक केलं. खाली निरोप आला की यूएसबीने जोडलेल्या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही.

तो काही बोलला नाही. मी म्हटलं, “काय झालं रे?” त्याने कागद उचलला, पडद्याकडे पाहिलं, मग टेबलाच्या मागे वाकून वायर कुठून कुठे जाते ते बोटाने चाचपत गेला. वायर एक्स्टर्नलपर्यंत पोचली तेव्हा त्याचा हात तिथेच थांबला.

२ तास ३० मिनिटं आधी. रात्री १२:४०

बायोस पूर्वीसारखं केलं, तर सीवरचं जुनं विंडोज १० सुरू झालं. तेच वॉलपेपर, जव्हारचा जयविलास राजवाडा, माझ्याच कॅमेऱ्यातला. जे पुसायचं होतं तेवढंच वाचलं होतं.

इथे मी थांबून सांगते, कारण हा भाग लोकांना माहीत नसतो. नुसत्या क्लीनने डिस्कवरच्या फाइली जात नाहीत. कुठून कुठपर्यंत पार्टिशन आहे हे सांगणारा तक्ता जातो, एवढंच. आत फाइली असतात, त्यांची अनुक्रमणिकाही असते. टेस्टडिस्क नावाचं फुकट मिळणारं साधन आहे, ते हरवलेलं पार्टिशन शोधून तक्ता पुन्हा लिहितं. आमच्या डिस्कला तेव्हा ते लावलं असतं तर बहुतेक सगळं नावानिशी जागेवर दिसलं असतं. त्यासाठी एकच करायचं होतं. डिस्क काढून ठेवायची, तिच्यावर एक अक्षरही लिहू द्यायचं नाही.

भाच्याने नाशिकला एका मित्राला फोन लावला. रेंज येत-जात होती. मित्र झोपला असावा.

डिस्कला ड्राइव्हचं अक्षर मिळावं, म्हणजे रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला ती दिसेल, म्हणून त्याने तिच्यावर नवीन व्हॉल्यूम केला आणि झटपट फॉरमॅट मारला. हा पहिला खरा घाव. तोही अजून लहान होता.

१ तास ४५ मिनिटं आधी. रात्री १:२५

सॉफ्टवेअरने जुनी अनुक्रमणिका शोधून काढली आणि डाव्या बाजूला फोल्डरचं झाड उभं राहिलं. २००५. २००६. ठाणे जिल्हा, मोखाडा. बोहाडा २०१२. कणसरी. एक फोल्डर उघडला तर आत नावं होती. आज्यांची, बाबांची, पाड्यांची, मी टाइप केलेली नावं, माझ्या चुकांसकट. मी रडले. भाच्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याने मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला. त्या फोटोत सतरा नावं वाचता येतात.

५५ मिनिटं आधी. रात्री २:१५

आता हे उतरवून कुठे घ्यायचं? सीवर ९० जीबी मोकळे. मोकळी पडलेली अशी एकच जागा, फॉरमॅट केलेली जुनी डी. तिच्यावर काढायला घेतलं. अकरा जीबी झाल्यावर टक टक सुरू झालं, इनपुट-आउटपुटची एरर आली, मशीन हँग झालं. बंद करून सुरू केलं, स्कॅन परत लावलं. नावं परत आली. डी मात्र यादीत दिसेना.

१५ मिनिटं आधी. रात्री २:५५

तीन गोष्टी माझ्या डोक्यात होत्या. लाइट पुन्हा जाईल. पडद्यावरची नावं गेली तर तिसऱ्यांदा येतील कशावरून. आणि भाच्याला पहिली एसटी पकडायची आहे, तो गेला की मला एकटीला यातलं काही येत नाही.

“एक्स्टर्नलवरच घेऊ या का?” मी म्हटलं. “तिच्यावर नऊशे जीबी मोकळे दाखवतंय.”

तो म्हणाला, “त्याच डिस्कवर नसतं घ्यायचं, मावशी.”

“मग कुठे घ्यायचं?”

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर होतं, सकाळी जव्हारच्या बाजारात दुसरी डिस्क मिळाली असती, नाही तर नाशिकला नक्कीच. पण पहाटे तीन वाजता सकाळ फार लांब वाटते. भाचा घोटभर पाणी प्यायला उठला.

पहाटे ३:१०

सॉफ्टवेअरने इशारा दिला. ज्या ड्राइव्हवरून फाइली परत मिळवत आहात त्याच ड्राइव्हवर त्या ठेवू नका, डेटा कायमचा जाऊ शकतो. साध्या शब्दांत होता. मी दोनदा वाचला आणि ‘हो’ वर क्लिक केलं.

मोकळे दाखवत होते ते नऊशे जीबी मोकळे नव्हते. माझ्याच फाइली तिथे होत्या, विंडोजला त्या दिसत नव्हत्या इतकंच. एक फाइल वाचवून लिहिली की ती दुसऱ्या, अजून न वाचवलेल्या फाइलीवर जाऊन बसायची. प्रत्येक नवीन फाइलीची नोंद अनुक्रमणिकेत व्हायची, आणि नवीन अनुक्रमणिका जुनीच्याच जागेवर वाढत होती. म्हणून सगळ्यात आधी नावं गेली.

पाच वाजता आम्ही वाचलेल्या फाइली लावून पाहिल्या. २००५ आणि २००६ ची वाजली, नावांसकट. २००७ पासून मध्येच खरखर, मध्येच दुसऱ्याच कुणाचा आवाज. तेव्हा वायर काढली. स्कॅन परत केलं नाही. भाचा सहाच्या एसटीने गेला.

नंतर

डिस्क मुंबईला डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवली. ती दिवाळी होऊन गेल्यावर परत आली. अनुक्रमणिका नसली की ते फाइलीच्या सुरुवातीच्या खुणेवरून आवाज, फोटो, व्हिडिओ ओळखून काढतात आणि नाव म्हणून एक आकडा देतात. एफ, त्यापुढे काही अंक. अशा १,८७२ ध्वनिफिती आल्या. काही पुरत्या, काही अर्ध्या, काही चार सेकंदांच्या. आवाज आहेत, पण कुणाचे ते नाही.

गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह लाखाच्या वर गेला, आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाकडे आहे, आणि त्यात ओवी जितकी महत्त्वाची तितकंच गाणाऱ्या बाईचं नाव, गाव महत्त्वाचं मानलं आहे. ते पाहिलं की माझ्या पोटात कालवतं. नाव गेलं की ती बाई ‘एक आदिवासी स्त्री’ होऊन जाते. आमच्या भागातल्या बायकांचं असं फार वेळा झालेलं आहे. माझ्या हातून ते व्हायला नको होतं.

फाइली परत आल्या तेव्हा विचारायला गावात माणसंच नव्हती. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होतात, लोक वसई, भिवंडी, वाड्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामावर जातात. मी शिमग्यापर्यंत थांबले. तोवर घरी बसून प्रत्येक फाइल ऐकली आणि वहीत पेन्सिलीने नोंद केली, माझ्या लक्षात काही येतं का म्हणून. खोडाळ्याच्या आजीची सापडली. तीन मिनिटं एक्कावन्न सेकंद आहे. कोंबडा आरवतो आणि फाइल संपते. तिचं नाव मी लिहिलं, ते मी विसरणं शक्य नाही.

आता सगळ्याच्या तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक नाशिकला भाच्याकडे, एक बहिणीच्या कपाटात, कशालाही न जोडलेली. या तिन्ही प्रती भाच्याने स्वतः केल्या. बहिणीकडची डिस्क पाठवण्याआधी तिच्यावर त्याने चिठ्ठी चिकटवली, त्याच निळ्या बॉलपेनने, ‘बाहेरची’, खाली दोन रेघा.

शिमग्याला मोखाड्याकडच्या एका पाड्यावर गेले. अंगणात सात-आठ बाया बसल्या. छोट्या स्पीकरवर एफ ४१८८३२ लावली. एका बाईचा आवाज, सव्वा मिनिट. कुणी ओळखेना. एक म्हातारी बोलली, “गाण्याचं राहू दे. मागं काय वाजतंय ते ऐक.”

पुन्हा लावली. मागे गिरण चालू होती, आणि पट्टा सैल झाल्यावर येतो तसा फट फट आवाज दर थोड्या वेळाने येत होता.

“ती गिरण नदीपल्याडची,” म्हातारी म्हणाली. “पट्टा कधी नीट बसवलाच नाही त्यानं. गिरणीला लागून दोन घरं. एका घरातली मुकी होती.”

मग तिने दुसऱ्या घरातल्या बाईचं नाव सांगितलं. मी वहीत लिहिलं, पुढे पाडा लिहिला, आणि एफ ४१८८३४ लावली.